उभ्या गाडीचा प्लग

कामठा, ता. गोंदिया
७ सप्टेंबर २०२५

चि. दीप्ती,

मामाचा जय भीम. तुझी चिठ्ठी अन् सोबतची डबी बुद्धभूषणनं गॅरेजवर आणून देल्ली. कंडक्टर असावा तर असा, तिकीट फाडते अन् आपली टपालही पोचवते. डबी उघडली, प्लग पाह्यला अन् माझ्या डोक्श्यात आग गेली. काळाकुट्ट, कोरडा, बोट लावलं की काजळी हाताले. तू लिहितेस, गाडी सकारी चालू होते, मंग फुसफुस करते अन् दम तोडते. तोडनच ना बाई. त्या बिचाऱ्या गाडीले दारू पाजून राहिले लोक.

हसू नको. आता पंपावर जे पेट्रोल भेटते त्यात वीस टक्के दारूच आहे, इथेनॉल मनतात तिले, उसाची नाई तर तांदळा-मक्याची. माझ्याकडे रोज गाड्या येऊन राहिल्या. कोनाचा रबरी पाइप फुगला, कोनाच्या टाकीत पानी निंगालं, कोनाच्या टाकीतला जुना गाळ सुटून कार्बोरेटरात येऊन बसला. पंचशीलातलं पाचवं शील, दारूले शिवाचं नाई, मी जन्मभर पाळलं, अन् दोन भंगार गाड्या जोडून माझ्या हातानं बनवलेली तुझी स्कूटी म्हातारपनी पेताड निंगाली. मी तर गॅरेजच्या दारावर पाटीच लावली : 'दारूच्या पेट्रोलनं बिघडलेल्या गाड्या येथे सुधरतील.' तुझी मामी मनते, पाटी वाचून बाया आपापल्या नवऱ्याले घेऊन येतील.

नवा प्लग पाठवून राहिलो. लावाचा कसा ते तुले येते, दहावीच्या सुट्टीत माझ्यापाशीच शिकली. अन् देवरीच्या लॅबचं काम सुटू देऊ नको. तुझी माय गेली तवापासून मी एकच गोष्ट सांगत आलो, आपल्या चाकावर चाल, कोनाच्या मागं बसू नको. सोयरिक जुळवताना मी तीच अट घातली होती अन् विहीनबाईनं चारचौघांत हो मनलं होतं. तुझं घर पाहून आलो तवा अख्ख्या कामठ्यात सांगितलं, देवरीपर्यंत डांबरी रस्ता, दारासमोर बस थांबते, पोरगी राज्य करन.

तुमच्या गावात धड टावर नाई, अन् जावईबापू राजदीप घरी आले तवा त्यांच्या फोनवर बोललं तर सारं घर कान देऊन ऐकते. आपली चिठ्ठीच बरी.

तुझा मामा,
यादोराव

*

चिचगड रस्ता, ता. देवरी
१९ सप्टेंबर २०२५

ती. मामांना सविनय जय भीम.

तुमचे पत्र आणि प्लग मिळाला. पाटीचे वाचून खूप हसले. नवा प्लग लावल्यावर गाडी दोन-तीन दिवस छान चालली, पुन्हा तसेच सुरू झाले. तोच प्लग काढून सोबत पाठवत आहे.

बाकी इथे सर्व ठीक आहे. मी रोज लॅबमध्ये जाते. प्रेमिला मॅडम चांगल्या आहेत, आता तापाचे रुग्ण जास्त असल्यामुळे रक्ताचे नमुने पुष्कळ येतात. हे पंधरा दिवसांनी नागपूरहून येतात, कंपनीत सुट्टी मिळत नाही. सासूबाईंचा गुडघा दुखतो. माझे सासरे याच रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेले, त्यामुळे त्या मी निघताना थोडी काळजी करतात. तेवढे चालायचेच.

तुम्ही म्हणाला होता ते खरे आहे, बस अगदी दारासमोर थांबते. बुद्धभूषण भाऊची बस सकाळच्या फेरीलाही हॉर्न देते, दुपारच्या फेरीलाही देते. त्याच्या शर्टाचे एक बटण तुटले आहे, मामींना सांगून त्याच्या घरी निरोप द्या. आता अकराची बस दिसली, म्हणून घाईत संपवते.

मामींना जय भीम.

तुमची,
दीप्ती

*

कामठा
५ ऑक्टोबर २०२५

चि. दीप्ती,

जय भीम. मामी दीक्षाभूमीवर जाऊन आली, तुझ्यासाठी वही-पेन आनला आहे. मनते पोरगी अजून शिकन. बुद्धभूषणले बटनही लावून देल्लं.

तुझा दुसरा प्लग पाह्यला. पह्यल्यापेक्षा काळा. आता माझा संशय पक्का झाला, देवरीच्या त्या पंपावर जास्तीच दारू येत असन. पंप बदलता येत असन तर बदलव. नाई तर कार्बनवर एकच औषध आहे अन् ते फुकटचं आहे. गाडी चांगली तापू दे. लॅब सुटली की सरळ घरी येऊ नको, देवरीहून हायवेवर काढ अन् अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळून दामटव. अर्धा तास गाडी धावली की इंजिनातली काजळी आपोआप जळते अन् धुरासंगं बाहेर पडते. बसून राहणाऱ्या मानसाले जसं अपचन होते तसंच गाडीचं आहे. चार पावलं चालली अन् थांबली, चार पावलं चालली अन् थांबली, की पोटात कार्बन धरते.

डबीत नवा प्लग ठेवला आहे, तो लावून एवढं कर अन् मंग तोही पाठव. यावेळी काळा आला तर मी त्या पंपावर जाऊन भांडतो. तुझी मामी मनते जाऊ नका, मार खाऊन याल.

मामा

*

चिचगड रस्ता
१८ ऑक्टोबर २०२५

ती. मामांना सविनय जय भीम.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे हायवेवर गाडी चालवली. खूप छान वाटले. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंनी जंगल, वारा तोंडावर येत होता, ओढणी घट्ट बांधावी लागली. मला तर परत यावेसेच वाटत नव्हते. ट्रकवाले हॉर्न देत होते, पण मी आपली कडेकडेने, पूर्ण वेगात.

तरीही प्लग काळाच आला आहे. सोबत पाठवते. पण तुम्ही पंपावर भांडायला जाऊ नका. जमल्यास आणखी एक प्लग पाठवा.

धान पिवळे पडले आहे, कापणीची माणसे येतील.

तुमची,
दीप्ती

*

कामठा
९ नोव्हेंबर २०२५

दीप्ती,

पाटी काढून टाकली.

काऊन काढली ते सांगतो. देवरीची एक मास्तरीन आहे, चंचल नावाची. गोंदियाले माहेरी आली होती, ब्रेक ढिले झाले मनून गाडी माझ्याकडे टाकली. तुझ्यासारखीच स्कूटी, तेवढीच जुनी, पेट्रोलही त्याच पंपाचं. मी मनलं, चला, आता पुरावा हाती आला. तिचा प्लग खोलला. पोरी, प्लग असा निंगाला जसा चहात बुडवाचा बिस्कुट. तोच भुरका रंग. इंजिन निरोगी असलं की प्लगले असाच रंग येते.

मंग मी वेड्यासारखा आलेल्या प्रत्येक गाडीचा प्लग पाहत सुटलो. सगळे भुरके, उलट पह्यल्यापेक्षा फिकेच. गोंदियाच्या एका मोठ्या गॅरेजवाल्याले विचारलं, तो मनते, "भैया, इतना भी नहीं मालूम? शराब वाला पेट्रोल साफ जलता है, कालिख कम छोडता है." पाइप फुगवनं, पानी ओढनं, गाळ सोडनं, हे दारूचे गुन्हे खरे आहेत अन् ते मी माफ करत नाई. पन काजळी तिची नाई. तिच्यावर मी उगीच आळ घेतला.

मंग तुझाच प्लग काळा काऊन?

दोन दिवस मी हाच विचार करून राहिलो. तिन्ही प्लग समोर मांडून बसलो. असा कोरडा काळा प्लग एकाच गाडीचा होते, चोक ओढून उभ्या-उभ्या चालू ठेवलेल्या गाडीचा. जी गाडी रोज देवरीले जाऊन येते तिचा होत नाई. अन् हायवेवर अर्धा तास पिळलेल्या गाडीचा तर होऊच शकत नाई.

बुद्धभूषणले विचारलं, डबी कुठं देते मनून. तो मनते, दारातून देते, अकराच्या फेरीले, दरवेळी. तुझी लॅब दहाले उघडते ना? मग अकराले तू दारात काऊन? अन् दुपारच्या फेरीचा हॉर्न कोन ऐकते?

दीप्ती, तू कुठंच जाऊन नाई राहिली. खरं काय ते लिही. अन् हे शाळेच्या मराठीत लिहू नको, ते वाचलं की मले वाटते कोनी दुसरीच पोरगी लिहून राहिली.

मामा

*

चिचगड रस्ता
१६ नोव्हेंबर २०२५

मामा,

जय भीम. तुमची चिठ्ठी वाचली अन् चुलीपाशी बसून रडली. मंग वाटलं, बरं झालं, कोनाले तरी दिसलं.

जुलैपासून मी लॅबमध्ये गेली नाई. जूनभर गेली. मंग धानाची रोवणी लागली, सासूबाई मनल्या मजुरं आहेत, एवढे दिवस घरी राय. राहिली. मंग त्यांचा गुडघा धरला. मंग पोळा, मंग पाहुणे, आता कापणी. दरवेळी एवढंच, एवढंच. मले कोनी मारलं नाई, कोंडलं नाई. चावी दारामागच्या खिळ्याले टांगूनच असते. पन मी गाडी फाटकापर्यंत नेली की सासूबाई फाटक धरून उभ्या राहतात अन् रडतात. सासरे गेले त्या सकारी त्यांनीच डबा भरून हाती देल्ला होता. लोकांनी मानसाआधी डबाच घरी आनून देल्ला. तवापासून त्यांनी कोनालेच डबा बांधून नाई देल्ला. राजदीप सुटी संपून नागपूरले जाते तवाही नाई, तो बाहेरच खाते.

त्या रागावल्या असत्या तर मी भांडली असती. तुमचीच भाची आहे, भांडाले मागं हटली नसती. पन रडणाऱ्या मानसाशी कसं भांडावं, तुम्हीच सांगा. मी गाडी बंद करते, स्टँडवर लावते अन् त्यांच्यासाठी चहा मांडते. राजदीपले सांगितलं तर तो मनते, माय एकटी आहे, थोडं समजून घे. सगळ्यांले समजून घ्याले या घरात मी एकटीच आहे.

बस दारासमोर थांबते हे तर सगळ्यात वाईट आहे, मामा. रोज दोनदा येते अन् रोज दोनदा मले इथंच ठेवून जाते.

मनून काम आवरलं की मी गाडी अंगणात स्टँडवरच चालू करते. चोक ओढते, सीटवर बसते अन् हँडल धरते. ती चालू असली की वाटते, आता निंघालीच. डोळे मिटले की चिचगडचा रस्ता दिसते, मंग देवरीचा नाका दिसते. तो हायवेचा वारा मी तसाच लिहिला, इथं बसून. सासूबाई पलीकडे तांदूळ निसत पाहतात. गाडी जागची हालत नाई मनून काही बोलत नाहीत. पेट्रोल संपलं की राजदीप कॅनमध्ये आनून देते. त्याले वाटते, बायको खूश आहे.

तुम्हाले खोटं काऊन लिहिलं? तुम्ही अख्ख्या कामठ्यात सांगितलं होतं, पोरगी राज्य करन. राज्य अंगणाएवढंच आहे हे कोनत्या तोंडानं लिहू?

प्रेमिला मॅडमनं निरोप पाठवला आहे. नव्या वर्षापर्यंत जागा ठेवते, मंग दुसरी पोरगी घेते. त्यांची तरी काय चूक. ही जागा गेली की मी परत कधी फाटक ओलांडीन असं मले वाटत नाई. भेव वाटते, मामा. सासूबाईचं नाई, माझंच. मले आता घरी राहण्याची सवय लागून राहिली.

दीप्ती

*

कामठा
२० नोव्हेंबर २०२५

दीप्ती,

तुझी चिठ्ठी मी मामीले अर्धी वाचून दाखवली, बाकीची तिनंच हातातून घेऊन वाचली. तिनं मले नाई नाई ते ऐकवलं. मनते, तुम्ही रस्ता पाह्यला, बस पाह्यली, भिंतीची पुट्टी पाह्यली, त्या घरातलं मानूस कवा पाह्यलं? तिचं बरोबर आहे. मी इंजिनाचा आवाज ऐकून बिमारी सांगतो अन् तीन महिने तुझी चिठ्ठी वाचून मले काही कळलं नाई. पेट्रोलले शिव्या देत बसलो.

येत्या रविवारी जीप घेऊन येतो. कपडे-लत्ते, सर्टिफिकिटं बांधून ठेव. विहीनबाईसंगं काय बोलाचं ते मी बोलतो, चारचौघांत हो मनलं होतं त्यांनी. स्कूटी जीपच्या मागं टाकू. इथंही लॅबा आहेत, गोंदियाले काही कमी नाई. तू चिंता करू नको. तुले कोनी अडवून दाखवावं.

मामा

*

चिचगड रस्ता
२२ नोव्हेंबर २०२५

मामा,

जीप आनू नका. ही चिठ्ठी बुद्धभूषण भाऊले हातापाया पडून देल्ली आहे, रविवारच्या आत तुम्हाले भेटली पाहिजे.

रागावू नका. तुमच्या घरून मी इथं आली तवा तुम्ही आनून सोडली. आता इथून तिथं जाईन तर तुम्ही घेऊन जाल. अन् गाडी? गाडी जीपच्या मागं दोरीनं बांधलेली. मंग मी चालली कुठं? तुम्हीच मनले होते, कोनाच्या मागं बसू नको. तुमच्याही मागं नाई, मामा.

अन् तुम्ही चारचौघांत बोलले तर सासूबाई हो मनतीन. मागंही मनल्याच होत्या. मंग सोमवारी फाटकापाशी रडतीन. त्या खोटं नाई रडत, हे तुम्हाले सांगून समजनार नाई.

चावी खिळ्याले आहे. फाटकाले कडीसुद्धा धड लागत नाई. मलेच काढाची आहे गाडी. जमन की नाई ते माहीत नाई. फक्त एक नवा प्लग पाठवा.

दीप्ती

*

कामठा
२ डिसेंबर २०२५

चि. दीप्ती,

जय भीम. जीपवाल्याले नाई मनून सांगितलं. तीन रात्री झोप लागली नाई. दिवसा एका गिऱ्हाइकाच्या गाडीले दुसऱ्याच गाडीचं चाक बसवून देल्लं, तो भला मानूस गावच्या वेशीपासून वापस आला.

प्लग पाठवून राहिलो. मामा मनून काय सांगू ते सुचत नाई, मेकॅनिक मनून सांगतो. चालू झाली की चोक पूर्ण आत ढकल, ओढून ठेवू नको. इतके दिवस उभी राहिलेली गाडी पह्यले त्रास देईन. काळा धूर सोडन, गचके मारन, चढावर मरून जाईन असं वाटन. घाबरून थांबवू नको. थांबली की काजळी पुन्हा बसते. चालत राहिली तर आपोआप मोकळी होते.

तू नाई लिहिलं तरी चालन. पन बुद्धभूषणच्या हाती काही तरी पाठव. रिकामी डबी पाठवली तरी मी समजून घेईन.

मामा

*

चिचगड रस्ता
२५ जानेवारी २०२६

मामा,

जय भीम. गंज दिवस झाले, तुम्ही वाट पाहून थकले असाल. रोज लिहाचं ठरवायची अन् रोज वाटायचं, उद्याही गाडी फाटकाबाहेर निंघन काय? खात्री होईपर्यंत लिहावं वाटलं नाई.

पह्यल्या दोन खेपा मी फाटकापासून वापस आली. तेच, त्या रडल्या अन् मी चहा मांडला. नवं वर्ष तोंडावर आलं होतं. मंग एका सकारी नवा प्लग लावला, चोक आत ढकलला अन् गाडी फाटकापाशी नेली. सासूबाई आल्या, फाटक धरलं. दरवेळी मी आधी गाडी बंद करत होती अन् मंग त्यांच्याजवळ जात होती. त्या दिवशी बंद केली नाई. सीटवरच बसून राहिली. मी मनलं, "आई, तुम्ही रडून घ्या, मी थांबते. पन गाडी बंद करत नाई."

त्या गंज रडल्या. मीही रडली. बस आली, बुद्धभूषण भाऊनं खिडकीतून पाह्यलं, ड्रायव्हरले हॉर्न नाई देऊ देल्ला, बस निंघून गेली. शेजारची दुर्गेश्वरी बाई धुणं टाकून कुंपणापाशी येऊन उभी राहिली. गाडी मधेच मराले लागली की मी कान पिळायची. मले वाटलं, आता पेट्रोलच संपन अन् मी हरन.

मंग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, फाटक सोडलं अन् घरात गेल्या. मले वाटलं रुसल्या, आता जेवनार नाहीत. मी फाटक लोटलं, चाक बाहेर काढलं, तेवढ्यात त्या मागून आल्या. हातात डबा होता, झाकण चेपलेला. तो कोनाचा ते मी विचारलं नाई. गरम होता, भात अन् लाखोळीची दाळ होती. त्यांनी तो माझ्या गाडीच्या हुकाले लटकवला, दोनदा ओढून पाह्यला, निंघत तर नाई ना मनून.

मनल्या, "संध्याकाळी डबा वापस आनजो."

रस्त्यानं गाडीनं तुम्ही सांगितलं तसंच केलं. चढावर असे गचके देल्ले की पाय टेकावे लागले, मागं काळा धूरच धूर, एक सायकलवाला शिव्या देत गेला. थांबवली नाई. देवरी जवळ आली तवा तिचा आवाज मोकळा झाला. अंगणात कधी ऐकला नव्हता असा.

जागा पूर्ण नाई राहिली. काम वाढलं मनून मॅडमनं आधीच दुसरी पोरगी घेतली होती, आता दोघी अर्धा-अर्धा दिवस करून राहिलो. चालते. सासूबाई अजूनही फाटकापाशी उभ्या राहतात, वळणाआड जाईपर्यंत पाहतात. कधी कधी रडतात. संध्याकाळी आली की आधी डबा मागतात, उघडून पाहतात, मंग मले पानी देतात. गेल्या सुटीत राजदीप मनला, माय, मलेही दे ना डबा. त्यांनी हातातला डबा पुसून फळीवर ठेवला. देईन मनतीन कधी, मले वाटते.

सोबत डबीत प्लग पाठवून राहिली. घासला नाई, पुसला नाई. जसा निंघाला तसाच आहे. मामीलेही दाखवा, चहा घेताना.

तुमची,
दीप्ती